दंगलीनंतर गावात काम करताना: आधी माणसं, मग निवेदन

सातारा-सांगलीत गणपती, उरूस, मोहरम, जयंत्या यांच्या आगेमागे कुठे ना कुठे ठिणगी पडते. मिरजेत सप्टेंबर २००९ मध्ये गणेशोत्सवातल्या कमानीवरच्या चित्रावरून पेटलेला वाद सांगली-कोल्हापूरपर्यंत गेला. खटाव तालुक्यातल्या पुसेसावळीत १० सप्टेंबर २०२३ च्या रात्री समाजमाध्यमावरच्या मजकुराचं निमित्त झालं. एकाचा जीव गेला आणि जिल्ह्यात इंटरनेट बंद करावं लागलं. अशा वेळी कऱ्हाड, सातारा, सांगलीतल्या संस्था, मंडळं, कॉलेजातले गट मदतीला धावतात. हेतू चांगलाच असतो, पण कामाचा क्रम हटकून उलटा पडतो. पहिल्या दिवशी प्रेसनोट निघते, तिसऱ्या दिवशी सद्भावना फेरी, आठवड्याने फोटोंसह अहवाल. गावातल्या माणसांशी निवांत बोलणं राहिलंच तर मागाहून.

हा लेख तो क्रम सुलट करण्यासाठी आहे. दगडफेक थांबली आहे, बंदोबस्त आहे, निम्मी दुकानं उघडली आहेत, अशा गावात संवाद आणि भागीदारी कशी उभी करायची, एवढाच त्याचा आवाका. दंगल चालू असेल तर ती आवरणं पोलिसांचं काम आहे. ११२ ला फोन करा आणि मध्ये पडू नका.

सोयीसाठी कृष्णाकाठचं सात-आठ हजार वस्तीचं गाव डोळ्यांसमोर धरू. उसाचं गाव, बाजारपेठेची एक गल्ली, दोन तालमी, एक मशीद, मागासवर्गीय वस्ती ओढ्यापलीकडे. वाद कोणत्या दोन बाजूंचा, हे मुद्दाम सांगत नाही. पुढचे टप्पे दोन धर्मांच्या वादाला लागू पडतात, तसेच दोन जातींच्या किंवा भावकीतल्या दोन गटांच्या वादालाही.

टप्पा १: निघण्याआधी

गाडी काढण्याआधी पोलीस ठाण्यात फोन करून एक गोष्ट विचारा: बंदी आदेश लागू आहे का? महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ च्या कलम ३७ खाली असे आदेश जिल्ह्यात वरचेवर निघतात. उपकलम ३ चा आदेश असेल तर पाच किंवा जास्त माणसांनी विनापरवाना जमणं हाच गुन्हा ठरतो. भारतीय नागरी सुरक्षा संहितेच्या कलम १६३ चा, म्हणजे जुन्या १४४ चा, आदेश वेगळा असू शकतो. तुमची पंधरा माणसांची 'शांतता बैठक' ही कायद्याच्या लेखी बेकायदा जमाव ठरू शकते, आणि गुन्हा दाखल झालाच तर तो तुम्ही ज्याच्या ओसरीवर बसलात त्याच्यावरही होतो.

मग स्वतःच्या गटाकडे बघा. पाचही जण एकाच समाजाचे, एकाच आडनावांचे असतील तर गावाला तुमची बाजू गाडीतून उतरतानाच कळते. दोन्ही बाजूंना 'आपला' वाटेल असा किमान एकेक माणूस हवा आणि एक तरी बाई हवीच. बाईशिवाय तुम्ही स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी अडाल, आणि गावात खरं काय चाललंय ते उंबऱ्याच्या आतच बोललं जातं.

गटातल्या प्रत्येकाने आपल्या मोबाइलवरच्या मागच्या वर्षभराच्या पोस्ट आणि स्टेटस तपासावेत. कुणी निवडणुकीत कुणाचा झेंडा लावला होता, कुणी कोणता भडक व्हिडिओ पुढे ढकलला होता, हे गावातली पोरं दहा मिनिटांत शोधतात. असं काही सापडलं तर तो माणूस या कामातून बाजूला राहील. हे आधी बोललेलं बरं, नंतर कटुता येते.

शेवटचं काम वहीत करायचं. एका पानावर लिहून काढा: आपल्याला कोणी बोलावलं? काय करू शकतो? काय करणार नाही? किती दिवस थांबू? 'कोणी बोलावलं' या प्रश्नाला उत्तर नसेल तर जाऊ नका. आधी असा एक गावकरी, शिक्षक किंवा आशाताई शोधा, जिला तुम्ही यायला हवे आहात.

*तपासा:* बंदी आदेशाची चौकशी झाली? गटात दोन्ही बाजूंना चालणारी माणसं आहेत? बोलावणारा माणूस कोण, हे नावानिशी ठरलं आहे? यातल्या एकाचंही उत्तर 'नाही' असेल तर एक दिवस थांबा. एका दिवसाने काही बिघडत नाही.

टप्पा २: गाव कुठे तुटलंय आणि कुठे अजून जोडलेलं आहे

पहिल्या खेपेला माईक नको, बॅनर नको, संस्थेचे टी-शर्ट तर नकोतच. दोघांनी जावं, चालत फिरावं आणि ऐकावं.

तुटलेल्या जागा कुणीही दाखवतो: फुटलेली काच, जळालेला गाडा, बंद शटर. त्या नोंदवा, पण तेवढ्यावर थांबू नका. जिथे दोन्ही बाजूंची माणसं आजही एकमेकांच्या शेजारी उभी राहतात त्या जागा शोधणं हे खरं काम आहे, आणि त्यासाठी पहाटे उठावं लागतं. दूध संकलन केंद्रावर सहा-साडेसहाला जा. किटल्या घेऊन रांग लागलेली असते. ओळीत पुढचा-मागचा कोण हे कुणी ठरवून लावत नाही. मापाडी दूध ढवळतो, नमुना मशीनला लावतो, पावतीवर फॅटचा आकडा येतो, आणि दोन्ही गल्ल्यांचं दूध एकाच टाकीत ओतलं जातं. तंट्यानंतर तिथे तीन गोष्टी बघा. रांगेत अंतर पडलंय का? एका गल्लीच्या बायका स्वतः येण्याऐवजी पोरांच्या हातून किटली पाठवतात का? कुणी दुसऱ्या डेअरीला दूध घालायला लागलंय का? गावाची प्रकृती या तीन खुणांवरून जेवढी कळते तेवढी चावडीवरच्या चर्चेतून कळत नाही.

अशाच बाकीच्या जागा: विकास सोसायटी, बचत गटाची मासिक बैठक, रेशन दुकान, शाळेची व्यवस्थापन समिती, पाणंद रस्त्याचा वाद, एकाच विहिरीवर पाळीपाळीने चालणारी मोटर, कारखान्याच्या टोळ्या, बाजाराचा दिवस. तासगाव बाजूला गेलात तर बेदाण्याची शेड, सांगलीत हळदीचं मार्केट. पोटापाण्याचं नातं भाषणापेक्षा चिवट असतं.

सणांतही जोडणारे धागे असतात, पण ते जपून हाताळावेत. कडेगावच्या मोहरमात ताबुतांच्या भेटींत हिंदू-मुसलमान दोघांचा सहभाग आणि मान परंपरेने चालत आला आहे. तुमच्या गावातही उरुसाचा, पालखीचा, मानकऱ्याचा असा काही रिवाज असेल तर तो जुन्या माणसांकडून जाणून घ्या. मात्र ताज्या जखमेवर 'आपल्याकडे तर पूर्वीपासून किती एकोपा' ही पट्टी लावू नका. ज्याचं दुकान जळालंय त्याला ते वाक्य टोमण्यासारखं लागतं.

*इशारा:* या फेरीत 'सुरुवात कोणी केली' हा प्रश्न विचारू नका. तो तपासी अंमलदाराचा प्रश्न आहे. तुम्ही तो विचारलात की तुमच्या वहीला साक्षीचं रूप येतं, आणि मग लोक बोलायचे थांबतात.

टप्पा ३: भागीदार निवडा, याच क्रमाने

सगळ्यांना एकाच दिवशी एकाच खोलीत बोलावण्याचा मोह टाळा. आधी एकेकाला भेटा, आणि कोणाला आधी भेटलात हे गाव लक्षात ठेवतं याचं भान ठेवा.

सर्वांत आधी ज्यांचं नुकसान झालं ती घरं, दोन्ही बाजूंची, एकाच दिवशी. मग पोलीस पाटील आणि ठाण्याचे पोलीस निरीक्षक. त्यांना परवानगी मागण्याबरोबर 'आम्ही हे करणार, हे करणार नाही' एवढं सांगायला जा. मग सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी. मग दोन्ही बाजूंची वडीलधारी. मग बचत गटाच्या अध्यक्षा, आशा, अंगणवाडी सेविका, मुख्याध्यापक. सर्वांत शेवटी मंडळांची पोरं, पण त्यांना टाळू नका. ज्यांच्या हातून दगड सुटले ती पोरं बैठकीत नसतील तर तुमची बैठक ज्येष्ठ नागरिक संघाची होते. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने शांतता प्रक्रियेत स्त्रियांचा सहभाग असावा असा ठराव २००० साली केला (क्रमांक १३२५), आणि तरुणांसाठीचा २०१५ साली (क्रमांक २२५०). दोन्ही ठरावांमागचा अनुभव एकच आहे: यांना वगळून झालेले समझोते टिकत नाहीत. आपल्याकडच्या शांतता समित्यांची यादी काढून बघा, बायका आणि पंचविशीच्या आतले किती सापडतात ते.

पोलीस ठाण्याची शांतता समिती बहुतेक ठिकाणी असते आणि सणाच्या आधी चहापुरती जमते. १५ ऑगस्ट २००७ ला सुरू झालेल्या महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहिमेची समितीही कागदावर सापडेल. नवी समिती काढण्याआधी या दोन्हींची यादी मागा. यादीत तीन माणसं कामाची निघाली तरी पुरे. नवी समिती म्हणजे जुन्या समितीचा अपमान, आणि मग त्या अपमानाचं निस्तरत बसण्यातच महिना जातो.

राजकीय पुढारी? भेटा, माहिती द्या, नमस्कार करा. भागीदार करू नका. ग्रामपंचायतीची निवडणूक सहा महिन्यांवर असेल तर दुप्पट सावध राहा.

*नेहमीची चूक:* तंटामुक्त समितीसमोर दंगलीचे गुन्हे 'मिटवणं'. कोणते गुन्हे आपसात मिटवता येतात हे नागरी सुरक्षा संहितेच्या कलम ३५९ मध्ये ठरलेलं आहे. जाळपोळ, खुनाचा प्रयत्न, धार्मिक तेढ वाढवणं हे त्यात बसत नाहीत. अॅट्रॉसिटी कायद्याखालचे गुन्हेही नाहीत. फिर्यादीला 'गावासाठी' केस मागे घ्यायला सांगणं हा दबाव आहे, आणि तो तुमच्या बैठकीत झाला तर तुम्ही त्याचे भागीदार. बैठकीच्या सुरुवातीलाच मोठ्याने सांगा: कोर्टात जे आहे ते कोर्टात; इथे फक्त उद्यापासून कसं राहायचं ते.

टप्पा ४: एका पानाचा ठराव

भागीदारी तोंडी राहिली की पंधरवड्यात प्रत्येकाच्या डोक्यात वेगळी होते. लांबलचक सामंजस्य करार नको, एक पान पुरे. त्यावर एवढं हवं: कोण कोण आहे, कोणी काय करायचं, बाहेर कोण बोलणार, पैसा कुठून आणि कोणाच्या खात्यात, वाद झाला तर कोणाकडे जायचं, कधी संपणार. सगळ्यांच्या सह्या. वाचता न येणाऱ्यांना वाचून दाखवून अंगठा.

'बाहेर कोण बोलणार' यावर सगळ्यांत जास्त वेळ घालवा. दोन नावं ठरवा, दोन्ही बाजूंची एकेक. निवेदन दोघांच्या सहीशिवाय जाणार नाही. एकटा कुणी पत्रकाराशी बोलला तर ते त्याचं वैयक्तिक मत, हेही लिहून ठेवा. हे कलम पोरकट वाटतं, पण एका बाजूच्या माणसाने उत्साहात दिलेली एक बाइट महिनाभराचं काम पाण्यात घालते.

पैशाचं थोडक्यात. सीएसआरचा (कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीचा) निधी घ्यायचा तर संस्थेची सीएसआर-१ नोंदणी हवी. १ एप्रिल २०२१ पासून ती सक्तीची आहे. परदेशी देणगी एफसीआरए (परदेशी देणगी नियमन कायदा) नोंदणीशिवाय घेता येत नाही, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर नोंदणी असलेली संस्था ती रक्कम दुसऱ्या संस्थेकडे वळवूही शकत नाही. 'पुण्याची मोठी संस्था तिच्या परदेशी निधीतून आम्हाला थोडे देईल' असा बेत असेल तर तो आताच सोडा. आणि गावातून वर्गणी गोळा करू नका. तंट्यानंतर पावती पुस्तक घेऊन दारात गेलेला माणूस खंडणीवाला दिसतो.

टप्पा ५: अफवांची वही

निवेदनाच्या आधी ही व्यवस्था उभी राहायला हवी. बहुतेक गट नेमकी हीच पायरी गाळतात.

एक साधी दोनशे पानी वही घ्या. रकाने सहा: तारीख-वेळ, कुठे ऐकलं, नेमके शब्द, कोणाकडून खात्री केली, काय निघालं, कोणाला कधी कळवलं. सांगणाऱ्याचं नाव लिहायचं नाही. वही उद्या पोलिसांनी मागितली तर तिच्यामुळे कुणाच्या दारात गाडी जाता कामा नये.

समजा रात्री साडेनऊला बातमी आली: 'पुलापाशी बाहेरच्या दोन गाड्या भरून पोरं आलीत.' वहीत हेच शब्द जसेच्या तसे. मग पुलाजवळ राहणाऱ्या दोघांना, दोन्ही बाजूंच्या एकेकाला, फोन. कळतं की ऊसतोडीची टोळी मुकादमाबरोबर अड्डा बदलत होती. आता उत्तर द्यायचं, आणि ते असं: 'पुलाजवळ थांबलेल्या गाड्या कारखान्याच्या टोळीच्या आहेत. पुलाजवळच्या दोघांनी समक्ष पाहून खात्री केली. वेळ ९.५०.' उत्तरात अफवेचे शब्द पुन्हा वापरायचे नाहीत. 'पोरं आल्याची बातमी खोटी आहे' असं लिहिलंत तर वाचणाऱ्याच्या डोक्यात 'पोरं आली' एवढंच उरतं.

खात्री झाली नाही तर 'तपास चालू आहे, साडेदहाला सांगतो' असं कळवा, आणि साडेदहाला खरंच सांगा. वेळ पाळणं हीच या कामाची पत.

ही कल्पना नवी नाही. केनियाच्या ताना नदीच्या त्रिभुज प्रदेशात २०१२-१३ मध्ये पोकोमो शेतकरी आणि ओर्मा पशुपालक यांच्यात रक्तपात झाला. त्यानंतर तिथे गावोगावच्या लोकांनी एसएमएसवरून अफवा कळवायच्या आणि खात्री झालेलं उत्तर परत मिळवायचं, अशी यंत्रणा उभी राहिली. बेलफास्टमध्ये कॅथलिक आणि प्रोटेस्टंट वस्त्यांच्या सीमेवर दोन्हीकडच्या कार्यकर्त्यांनी मोबाइल फोनचं जाळं केलं होतं. पलीकडे गडबड दिसली की थेट पलीकडच्याच माणसाला फोन. आपल्या गावात हे करायला पैसा लागत नाही. प्रत्येक गल्लीचा एक माणूस आणि त्याचा पलीकडच्या गल्लीतला जोडीदार, अशा पाच-सहा जोड्या पुरतात. जोडीने दिवसातून एकदा, काही घडलं नसलं तरी, फोन करायचा. गरजेच्या रात्री पहिला फोन करायची वेळ येऊ नये. तोवर सवय झालेली असावी.

व्हॉट्सअॅप ग्रुप काढाच असा आग्रह नाही. काढलात तर 'फक्त अॅडमिन पाठवू शकतील' ही सोय चालू ठेवा आणि अॅडमिन दोन्ही बाजूंचे ठेवा. सगळ्यांना लिहिता येणारा ग्रुप तंट्यानंतरच्या गावात म्हणजे नवी चावडी, तीही रात्री दोनपर्यंत उघडी. एखादा मेसेज 'अनेकदा फॉरवर्ड केलेला' असा शिक्का घेऊन आला तर तो पुढे पाठवू नका, वहीत घ्या.

इंटरनेट बंद झालं तर काय, हेही आधी ठरवा. ग्रामपंचायतीचा फळा, दवंडी, डेअरीच्या खिडकीवरचा कागद, मंदिर आणि मशिदीचे ध्वनिक्षेपक. ध्वनिक्षेपक वापरायचे तर दोन्हीकडून एकच मजकूर, एकाच वेळी, आणि रात्री १० ते सकाळी ६ अजिबात नाही. आकाशवाणीची सातारा आणि सांगली अशी दोन केंद्रं आहेत. माण तालुक्यात म्हसवडची माणदेशी तरंग वाहिनी आहे. त्यांच्याशी ओळख आधीच करून ठेवा.

*तपासा:* निवेदनाकडे जाण्याआधी जोड्यांचा रोजचा फोन निदान आठवडाभर सुरळीत चालला पाहिजे. तो चालत नसेल तर तुमचं निवेदन कुणी खरं मानणार नाही.

टप्पा ६: पहिलं निवेदन

आता लिहायला बसा. नेहमी लिहिलं जातं ते असं:

'काही समाजकंटकांच्या चिथावणीमुळे गावात अनुचित प्रकार घडला होता. परंतु आता गावात संपूर्ण शांतता असून सर्व समाजाचे बांधव गुण्यागोविंदाने नांदत आहेत. नागरिकांनी अफवांवर विश्वास ठेवू नये.'

यातलं एकही वाक्य उपयोगाचं नाही. 'समाजकंटक' म्हटलं की प्रत्येक बाजूला वाटतं ते दुसऱ्या बाजूबद्दल आहे. 'अनुचित प्रकार' वाचून ज्याचं घर फुटलं तो म्हणतो, माझं घर म्हणजे प्रकार? 'संपूर्ण शांतता' खोटी आहे हे गल्लीतल्या पोलीस गाडीवरून दिसतंय. आणि अफवांवर विश्वास ठेवू नका तर कशावर ठेवायचा, ते सांगितलेलंच नाही.

त्याऐवजी फळ्यावर, डेअरीत आणि रेशन दुकानात लागेल असा कागद करा:

'शाळा सोमवारपासून नेहमीच्या वेळेत. दूध संकलन दोन्ही वेळा चालू. शुक्रवारचा बाजार नेहमीच्या जागी भरेल. पंचनाम्यात नाव राहिलं असेल तर बुधवारी सकाळी ११ ते १ ग्रामपंचायतीत ग्राम महसूल अधिकाऱ्यांना भेटा. काही ऐकलं आणि खात्री करायची असेल तर आपल्या गल्लीच्या माणसाला विचारा,' खाली गल्लीवार नावं, आणि दोन सह्या.

यात एकोप्याचा शब्द नाही. गरजही नाही. बाजार नेहमीच्या जागी भरतो, एवढ्यावरून लोकांना कळतं.

लिहिताना काही नियम. कोणत्याही समाजाचं नाव घेऊन दोष नाही, आणि कोणत्याही समाजाचं नाव घेऊन कौतुकही नाही. आरोपींची नावं नाहीत. पकडला गेलेला प्रत्येकजण गुन्हेगार नसतो आणि निवेदन म्हणजे निकाल नव्हे. मृताचा उल्लेख करायचा तर घरच्यांना विचारून, त्यांनी सांगितलेल्या शब्दांत. दुसऱ्याचा भडक मजकूर निषेधासाठीसुद्धा पुन्हा छापू नका. त्याने आग पसरतेच, शिवाय भारतीय न्याय संहितेच्या १९६ आणि ३५३ (तेढ वाढवणं, भडक खोटी माहिती पसरवणं) या कलमांखाली तुमच्यावरही गुन्हा दाखल होऊ शकतो.

कागद तयार झाला की दोन्ही बाजूंच्या एकेका बाईला वाचून दाखवा. ती जिथे भुवई उंचावेल ते वाक्य काढा.

टप्पा ७: पत्रकार आणि कॅमेरा

तालुका प्रतिनिधीला शत्रू समजू नका. त्याला संध्याकाळपर्यंत बातमी द्यायची असते, आणि तुम्ही दिली नाही तर तो पानपट्टीवरून घेईल. त्याला तारखा, वेळा, शाळा-बाजाराची माहिती द्या. मथळा त्याच्या हातात नसतो, हेही लक्षात ठेवा; मथळ्यावरून त्याच्याशी भांडू नका.

फोटोबद्दल मात्र कडक राहा. दोन समाजांच्या दोन म्हाताऱ्यांनी हातात हात घेतलेला फोटो प्रत्येक संस्थेला हवा असतो. तो फोटो काढून तुम्ही सांगलीला परत जाता. ते म्हातारे गावातच राहतात, आणि आपल्याच गल्लीत 'विकला गेला' हे ऐकून घेतात. त्यांनी स्वतःहून मागितल्याशिवाय असा फोटो नको. मुलांचे चेहरे नाहीत. बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ नुसार गुन्ह्यातल्या, मग ते पीडित असोत वा साक्षीदार, मुलांचं नाव, पत्ता, शाळा यांतलं काही उघड करता येत नाही. लैंगिक अत्याचाराची तक्रार असेल तर न्याय संहितेचं कलम ७२ (पीडितेची ओळख उघड करायला बंदी) बघा आणि तोंड बंद ठेवा.

टप्पा ८: भरपाईची माहिती, दोन्ही बाजूंना सारखी

लोक शांत आहेत की नाहीत हे शेवटी त्यांना त्यांच्या नुकसानीचं काही मिळतंय का, यावर ठरतं. पैसे मिळवून देणं तुमच्या हाती नाही, पण माहिती समान पोचवणं आहे. एका गल्लीला फॉर्म आधी मिळाला आणि दुसरीला आठवड्याने, एवढ्यावरून नवा तंटा उभा राहतो.

प्रत्येक नुकसानग्रस्त घरासाठी एक पाकीट करा. त्यात एफआयआरची प्रत (फिर्यादीला ती मोफत मिळते), पंचनाम्याची प्रत, दवाखान्याचे कागद, नुकसानीचे फोटो, आधार आणि बँक पासबुकाची झेरॉक्स, दुकान किंवा गाडीची विमा पॉलिसी. पॉलिसीचं बरेचजण विसरतात. दुकानाच्या आगीच्या विम्यात दंगलीतलं नुकसान बहुधा धरलेलं असतं, गाडीच्या सर्वसमावेशक विम्यातही. पण विमा कंपनीला लगेच कळवावं लागतं, आणि झाडून-पुसून टाकण्याआधी.

जातीय-धार्मिक दंगलीत मृत्यू किंवा ५० टक्के वा अधिक कायमचं अपंगत्व आलं असेल तर केंद्र सरकारच्या योजनेत ५ लाख रुपयांच्या मदतीची तरतूद आहे. जिल्हाधिकारी कार्यालयात चौकशी करा. गुन्ह्यातल्या पीडितांसाठीची नुकसानभरपाई आणि मोफत वकील यांसाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, साताऱ्यात आणि सांगलीत दोन्हीकडे, फोन १५१००. स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमाती, वांशिक हिंसा आणि जातीय अत्याचाराचे बळी यांना उत्पन्नाची अट नाही. अॅट्रॉसिटीच्या गुन्ह्यातलं अर्थसाहाय्य समाजकल्याण सहायक आयुक्तांकडून येतं.

*इशारा:* 'इतके मिळतील' असा आकडा कुणालाही देऊ नका. 'इथे अर्ज करायचा, हे कागद लागतात' एवढंच.

टप्पा ९: एकत्र काम, फेरी नव्हे

दीड-दोन महिन्यांनी गाव जरा सैल होतं. आता दोन्ही बाजूंच्या हातांना लागेल असं काम काढा, पण ते लहान, उपयोगाचं आणि कोणाच्याही देवाचं नसलेलं असावं. शाळेची फुटलेली खिडकी, ओढ्यावरचा पाइप, डेअरीसमोरचा चिखल. मैत्रीचे क्रिकेट सामने घेऊ नका. दोन गल्ल्यांचे दोन संघ केले तर अंपायरच्या एका निर्णयात सगळं गमावून बसाल. घ्यायचेच तर संघ चिठ्ठ्या टाकून मिसळा. कुस्तीचं मैदान तर पहिल्या वर्षी नकोच.

सद्भावना फेरी कधी काढावी? माझं स्पष्ट मत: गावाने मागितली तर, आणि पुढे चालणारे गावातले असतील तर. बाहेरून आणलेली फेरी म्हणजे गावासाठी आणखी एक बंदोबस्ताचा दिवस.

टप्पा १०: पुढचा सण

तुमच्या कामाची परीक्षा पुढच्या मिरवणुकीला होते, म्हणून कॅलेंडर आजच भिंतीवर लावा. चांद्र महिन्यांमुळे मोहरम आणि ईद-ए-मिलाद दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतात, त्यामुळे काही वर्षी त्या गणपतीवर येतात. २०२३ मध्ये अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद दोन्ही २८ सप्टेंबरला आल्या. राज्यात अनेक ठिकाणी मुस्लीम समाजाने जुलूस पुढे ढकलला आणि सरकारने सुट्टी २९ ला दिली. हे आपोआप घडत नाही. कुणीतरी कुणालातरी महिनाभर आधी भेटलेलं असतं.

सणाच्या चार आठवडे आधी मार्ग आणि वेळ यांवर मंडळांशी बोला. तीन आठवडे आधी कमानी, फलक आणि देखाव्यांचे विषय बघा. चित्र रंगवून झाल्यावर ते काढायला लावणं फार महाग पडतं. दोन आठवडे आधी डीजे, गाण्यांची यादी आणि प्रार्थनास्थळासमोर वाद्य कुठे थांबवायचं ती खूण. आठवडाभर आधी जोड्यांचे फोन दिवसातून दोनदा. मिरवणुकीच्या दिवशी प्रत्येक चौकात दोन्ही बाजूंचे दोघे, पांढऱ्या टोपीशिवाय, बिल्ल्याशिवाय, फक्त ओळखीचे चेहरे. पोलीस निरीक्षकांना त्यांची नावं आदल्या दिवशी द्या, म्हणजे लाठीमाराची वेळ आली तर तुमचीच माणसं आधी सापडणार नाहीत.

मिरवणूक पार पडली की दुसऱ्या दिवशी वही आणि जोड्यांची यादी गावातल्या दोघांच्या हवाली करा, एका पानाच्या ठरावावर शेवटची तारीख घाला आणि देणगीदारांचा अहवाल लिहायला घ्या. अहवालात लाभार्थ्यांच्या नावांऐवजी किती अफवांची खात्री केली, किती वेळात उत्तर गेलं, किती घरांची पाकिटं पूर्ण झाली हे आकडे द्या. तो अहवाल छापण्याआधी गावातल्या त्या दोन सह्या करणाऱ्यांना वाचायला द्या, आणि त्यांनी जे खोडलं ते खोडलेलंच ठेवा.